खिंडीतला दगड

विसरवाडीच्या नाक्यावर मोटारीची वाट बघत बसलेल्या जमनाबाईचे कान मागच्या बोलण्याकडे होते. लढाईवरून परतलेला नवल, तिथे मेलेल्या आपल्या सोबत्याच्या, आमशाच्या, बापाला, डोंगरातल्या वाहरूला, सांगत होता.

“तढे इटलीमा बी आपला सातपुडानागत डोंगर शेतस, बाबा. वर पडेल किल्ला, खाले झरा. सुटीना दिन आम्ही दोन्ही देखाले गऊत.”

“मंग?”

“खिंडमा दगडस्ना ढीग व्हता. आमशा बोलना, घाटना देव शे, दगड ठेवाशिवाय उतरानं नही.”

“मीच शिकाडं त्याले.”

“ढीगखाले सुरुंग व्हता, बाबा.”

मोटार आली. जमनाबाईने बोचकं उचललंच नाही.

“त्यानी दगड ठेवा व्हता ना?” वाहरूने विचारलं.

“ठेवा व्हता.”

“मंग देवनी त्याले वाट देवाले पाहिजे व्हती.”