नेनाशेवांचं बाळ

रशियातल्या वोरोनेझकडच्या आमच्या प्रसूतिगृहात शेजारच्या बाकावर मायलेक बसले होते.

"प्रोखोर, नर्सनं विचारलं तर बाळ आमचं नाही म्हणायचं."

"आई, तू गप्प बस. आत उल्याना तळमळतेय."

"आधीची दोन 'आमचं, आमचं' करतानाच गेली ना? तुझ्या खापरपणजोबांचीही पोरं जगत नव्हती. शेवटी त्यांनी एकाचं नावच नेनाश ठेवलं, म्हणजे 'आमचं नाही'. मरण फसलं, दारातून माघारी गेलं. आज अर्धं गाव नेनाशेव आहे!"

"शिकल्यासवरल्या माणसाला हे सांगतेस?"

दार उघडलं.

"नेनाशेव कोण?"

प्रोखोरसकट वेगवेगळ्या बाकांवरून तिघं उठले.

"उल्यानाचा मुलगा कुणाचा? श्वास अडकतोय त्याचा."

"आमचा नाही!" प्रोखोर ओरडला आणि नर्सला बाजूला सारून आत धावला.