सातव्या होलवरची शांतता

नाव: प्रसित बूनयारत. वय: ६४ वर्षे. व्यवसाय: पाटबंधारे खात्यातून निवृत्त आरेखक. राहणार: नखोन सवान. ठिकाण: पाक चोंग पोलीस ठाणे. तारीख: १३ डिसेंबर, थाई बौद्ध सन २५६७, सकाळी ११ वाजता.

मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगतो ते असे.

मयत थावोर्न सीचान, निवृत्त भूगोल शिक्षक, हा माझा बेचाळीस वर्षांचा मित्र. अंमलदारांनी मयत असे लिहून घेतले आहे, मी त्याला थावोर्नच म्हणेन. दर थंडीत आम्ही दोघे त्याच्या गाडीने निघतो आणि कधी न पाहिलेल्या मैदानावर गोल्फ खेळतो. एका मैदानावर दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही, हा त्याचा हट्ट. चियांग राय झाले, कांचनबुरी झाले, हुआ हिनला वाऱ्यात टोप्या उडाल्या. इथले पाक चोंगचे हे एकतिसावे मैदान. खेळ दोघांचाही यथातथाच. निम्मी मजा गाडीतल्या भांडणांची होती.

दि. ११ रोजी बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही बाजारात पेज खाल्ली. थावोर्नने वाटी अर्धी ठेवली. मी म्हणालो, "काय रे, वहिनी नाही तर घास उतरत नाही?" तो म्हणाला, "तुझं थोबाड समोर असल्यावर कुणाला भूक लागेल?" डॉक्टरांनी नंतर विचारले म्हणून हे सांगितले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही.

साडेसात वाजता खेळ सुरू केला. थावोर्नची कॅडी, म्हणजे क्लबने दिलेली, खेळाडूची पिशवी वाहणारी मदतनीस, लमदुआन नावाची बाई होती, वय सुमारे चाळीस. माझी कॅडी सातव्या होलच्या वेळी मैदानातली सामानाची गाडी घेऊन पुढे गेली होती. म्हणजे तिथे आम्ही तिघेच होतो.

अंमलदार गोल्फ खेळत नाहीत, म्हणून खुलासा करतो. बॉल होलजवळच्या, म्हणजे तो ज्यात घालायचा त्या खड्ड्याजवळच्या, गुळगुळीत हिरवळीवर पोचला की जमिनीचा उतार बघून तो पटर नावाच्या काठीने कोणत्या दिशेने ढकलायचा ते ठरवतात. ह्याला लाइन बघणे म्हणतात. कोणी वाकून बघतो, कोणी उकिडवा बसतो. थावोर्न सरळ पोटावर आडवा होत असे, गाल गवताला टेकवून. एकतीस मैदानांवर कॅड्या ह्याला हसल्या आहेत. कोणी लाइन बघत असेल तेव्हा बाकीच्यांनी बोलायचे नाही, हलायचे नाही, आणि बॉल व होल यांच्यामध्ये पाय ठेवायचा नाही. हे आम्ही देवळातल्यासारखे पाळतो.

लमदुआन म्हणाली, "काका, डावीकडे दोन वीत धरा." थावोर्न म्हणाला, "अगं बाई, एकतीस मैदानं पालथी घातलीत मी." मी म्हणालो, "आणि एकतिसांवर चुकलायस." तो हसला. "तू आता तोंड बंद ठेव," म्हणाला आणि आडवा झाला.

मी तोंड बंद ठेवले.

काही वेळाने लमदुआन हळूच म्हणाली, "काका, फारच वेळ लावला ह्यांनी." मी ओठांवर बोट ठेवले. मागचे चार खेळाडू येऊन थांबले होते, त्यांनाही मी हाताने थांबा अशी खूण केली. मग तिने होलमधून काढलेला हातातला झेंडा खाली ठेवला. "काका, त्यांचा हात बघा ना. कसा पडलाय बघा." ती निघाली होती. मी तिला म्हणालो, "जागची हलू नकोस. लाइनवर पाय पडला तर दिवसभर माझं डोकं खाईल तो." ती थांबली. गिऱ्हाइकाचे ऐकणे ही तिची नोकरी आहे.

त्यानंतर आणखी दोन-तीन मिनिटांनी ती मला न विचारता धावली. लाइनवरूनच धावली. तिने त्याला उताणा केला, छाती दाबली, ओरडून मागच्या लोकांना बोलावले. त्यांच्यातल्या एकाने रुग्णवाहिकेला फोन केला. मी हातात पटर धरून उभा होतो. रुग्णवाहिका पावणेदहाला आली. हृदय बंद पडले, पहिल्या काही मिनिटांत कोणी पोचले असते तर कदाचित, असे डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात थावोर्नची मुलगी अरुणी हिने मला विचारले, "काका, तिथे कोणीच नव्हतं का?" मी म्हणालो, "कॅडी होती. उभी होती." हे खोटे नव्हते. त्या एका वाक्यावरून अरुणीने काल कॅडीविरुद्ध तक्रार दिली आहे. क्लबने लमदुआनला घरी बसवले आहे. काल संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिने मला पाणी दिले आणि म्हणाली, "काका, मी तुमचं ऐकायला नको होतं." मला लाज वाटली. आजही वाटते. तरी माझे म्हणणे आहे की तक्रारीतले नाव बदलून माझे घालावे. तिला मी अडवले. तिची काही चूक नाही.

पुरावा म्हणून माझा फोन जमा करीत आहे. प्रत्येक मैदानावर आडव्या पडलेल्या थावोर्नचा एक फोटो काढून मी अरुणीला पाठवतो. इथलाही पाठवला. फोटोवर वेळ ९.१४ आहे. तो थावोर्न कोसळण्याच्या आधीचा, असे अरुणीला आजपर्यंत वाटते आहे; पण लमदुआनने दाखवला तसा पडलेला हात त्यात दिसतो. लमदुआन धावली तेव्हा ९.२० झाले होते, हे मागच्या खेळाडूंनी सांगितले आहे. मधल्या वेळेत, ९.१६ ला, अरुणीचे उत्तर आले. ते असे: "बाबांना म्हणावं, उठा आता, मागे लोक खोळंबले असतील." मी ते वाचले, हसलो आणि फोन खिशात ठेवला.

वरील मजकूर माझ्या विनंतीवरून अंमलदारांनी अरुणीला आत बोलावून तिच्यासमोर मोठ्याने वाचला. फोनचा भाग आल्यावर अंमलदार थांबले. पुढे वाचा, असे अरुणीच म्हणाली. सगळे वाचून झाले. लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे, त्यात बदल करण्यासारखे काही नाही.

सही: प्रसित बूनयारत