पडलेल्या सिनेमाची श्रेयनामावली

अरे, त्या सुपरहिरोला नव्यानं आणणारा सिनेमा आठवड्यात आपटला ना, त्याचे इफेक्ट्स आमच्या मुर्धा गावातल्या प्रशांतनंही केले होते. पुढचे भाग रद्द झाले आणि त्याची नोकरी गेली. "माझंच काम खोटं दिसलं," म्हणत तो दुसरीकडे अर्जही करेना. वैतागून मी त्याला आणि त्याच्या आईला शेवटच्या शोला ओढत नेलं.

सिनेमा संपताच सफाईवाला आत आला. काकू ओरडल्या, "रुको भैया! मेरे लडके का नाव आनेका है!"

पाच मिनिटं नावं सरकत राहिली. प्रशांतचं आलं, गेलं.

काकू त्याला म्हणाल्या, "एवढ्या जनांनी मिलून पाडलाय, आन् तोंड लपवून घरात तू एकलाच बसलास?"

पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत प्रशांतनं दोन अर्ज पाठवले होते.