मला वाचता येईल ती भाषा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई, मंचावर बसलेले आमचे व्यवस्थापक साहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून इथे जमलो ते आज निवृत्त होणारे काका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, आणि समोरच्या खुर्च्यांवर असलेल्या माझ्या सहकारी मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलंय. कागद आणलेला नाही. माझ्या हातात कागद दिला की तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो, हे आमच्या खोलीतल्यांना माहीत आहे. पाहुण्यांना पुढे कळेलच.

काकांना आम्ही पाठीमागे ‘अर्धविराम’ म्हणतो. पाठीमागे म्हणजे काय, त्यांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. काका ज्या भाषेत आयुष्यभर प्रोग्राम लिहीत आले त्या सी भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो, आणि जगातली निम्मी दुःखं कुणीतरी तो द्यायला विसरल्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत. मघाशी साहेबांनी अर्धविराम आणि पूर्णविराम यांच्यावर जी कोटी केली, तीच मी करणार होते. साहेबांमुळे माझं भाषण तेवढं लहान झालं, त्याबद्दल आभार.

आता पाहुण्यांसाठी सांगते, मी काय करते. लोक आमच्याकडे जुने फोटो घेऊन येतात. घडी पडलेले, भेगाळलेले, ओल लागलेले. आम्ही ते संगणकावर घेतो आणि भेगा बुजवतो. राखाडी भिंतींची खोली, खिडकीला जाड पडदा, आणि मांडीवर पाटीएवढी काळी फळी. तिच्यावर पेनाने रेघ ओढायची, की संगणकाच्या पडद्यावर भेग भरत जाते. सगळं काम हाताचं. आणि माझा हातच कापायला लागला.

सुरुवातीला मी थंडीवर ढकललं. मग चहावर. चहा सोडला, थंडी गेली, हात कापतच राहिला. डॉक्टर म्हणाले, वडिलांना होतं का असं? होतं. माझे बाबा शेवटी शेवटी शर्टाचं बटण आईकडून लावून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. ज्या बाईची पोळी मनगटावर आहे तिला ‘जिवाला धोका नाही’ हे ऐकून काय वाटत असेल, सांगा बरं?

मी कुणाला बोलले नाही. बारीक काम सकाळी उरकायचं, दुपारी जाडंभरडं घ्यायचं. रेघ चुकली की मागे घ्यायचं बटण दाबायचं. पुन्हा रेघ, पुन्हा बटण.

काका खोलीच्या टोकाला बसायचे, पाठ आमच्याकडे करून. यंत्रं नीट ठेवणं हे त्यांचं काम. एक दिवस मान न वळवताच म्हणाले, “ताई, तुमच्या टेबलावरून हल्ली एकाच बटणाचा आवाज येतो.”

मी म्हटलं, “बटण खराब झालंय.”

“बटण मी काल बदललंय,” काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. बाकी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, “काढा बघू एक रेघ.”

त्या वेळी टेबलावर एका नवराबायकोचा फोटो होता. चार घड्या घालून कुणीतरी वर्षानुवर्षं पाकिटात ठेवलेला. घडी बरोबर बाईच्या ओठांवरून गेलेली. मी रेघ ओढली आणि तिचा ओठ फाटला. मागे घेतलं, पुन्हा ओढली, पुन्हा फाटला. मग मला पडदाच दिसेना, डोळे भरले होते. काका म्हणाले, “रडू नका. म्हणजे रडा, पण पेन खाली ठेवा, फळीवर पाणी पडतंय.”

साहेबांना सांगावं लागलं. साहेब, तुम्ही तेव्हा चांगुलपणानेच म्हणालात, की ताई, काउंटरवर बसा, लोकांशी तुम्ही छान बोलता. मी हो म्हणून आले. घरी जाऊन चेहऱ्यावर पाणी मारलं आणि ठरवलं, राजीनामा द्यायचा. काउंटरवर बसून दुसऱ्यांच्या हातात फोटो द्यायचे, एवढं मोठं मन माझं नव्हतं.

काका साहेबांना म्हणाले, “मला थोडे दिवस द्या.”

त्यांच्या डोक्यात एक प्लगइन होतं. प्लगइन म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला आपण शिवलेला खिसा. मी कापऱ्या हाताने भेगेच्या आसपास रेघ ओढायची, त्या खिशातल्या प्रोग्रामने खरी भेग कुठे आहे ते शोधायचं आणि माझी रेघ हलकेच तिच्यावर नेऊन ठेवायची. काकांनी ते सीमध्ये लिहिलं. आठवड्याच्या आत तयार. काय चालायचं! पेन उचलायच्या आत भेग बुजलेली. साहेब खूश, मी खूश, खोलीत पेढे यायचेच काय ते बाकी होते.

सोमवारी काका आले आणि म्हणाले, “ते मी काढून टाकलं. पुन्हा लिहितोय. पायथनमध्ये.”

साहेब उडालेच. “अहो, ती तुम्हाला आवडत नाही ना? तुम्हीच म्हणता, ती भाषा चालत नाही, रांगते!”

“रांगतेच,” काका म्हणाले. “पण सोपी आहे, ताईंना वाचता येईल.”

मी म्हटलं, “काका, मला कशाला वाचायचंय? चाललंय ना ते छान!”

तेव्हा ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. “ताई, तुमचा हात आज आडवा कापतो, उद्या उभा कापेल. परवा तुम्ही डाव्या हाताने काम करायला लागाल. आकडे कमीजास्त करायला पडद्यावर सरकती पट्टी मी सीमध्येही दिली असती, पण मला आज सुचतं तेवढंच त्या पट्टीवर येणार. शिवाय हे सॉफ्टवेअर दरवर्षी नवं होतं आणि प्लगइनं मोडतात. मी निवृत्त होणार आहे. मग तुम्ही कुणाच्या दारात उभ्या राहणार?”

मंडळी, भाषा निवडणं म्हणजे वेग, सोय, सवय यांचा विचार, असं मला वाटायचं. काकांनी फक्त आपल्यामागे ती कोण वाचणार एवढंच बघितलं. आणि त्यासाठी जी भाषा त्यांना झोपेतही यायची ती बाजूला ठेवून, या वयात, नावडती भाषा शिकले.

शिकताना त्यांचे हाल मी पाहिलेत. पायथनमध्ये अर्धविराम लागत नाही. काका सवयीने द्यायचेच. गंमत म्हणजे ती भाषा त्यांना काही बोलायची नाही, मुकाट्याने सोसायची. मग काका स्वतःच एकेक अर्धविराम पुसत बसायचे. मला विचारलं तर म्हणायचे, “दुसऱ्याच्या घरी चपला काढाव्यात.”

मग मला शिकवणं सुरू झालं, दुपारच्या चहाबरोबर. पायथनमध्ये नावं आपल्या लिपीत देता येतात हे कळलं तेव्हा काका लहान मुलासारखे हरखले. म्हणून आमच्या प्लगइनमध्ये एका आकड्याचं नाव ‘थरथर’ आहे, एकाचं ‘भेग’. जो आजार मी वर्षभर लपवला, त्याचं नाव रोज सकाळी मीच टाइप करायला लागले, आणि त्याच्यापुढे आजचा आकडा. हळूहळू त्या शब्दाची भीती गेली.

रांगायचं ते खरंच. मोठा फोटो असला की रेघ ओढून थांबावं लागायचं. साहेब घड्याळ बघायचे. मी फोटोतल्या माणसांचे चेहरे बघायचे. त्या नवराबायकोचा फोटो मी तसाच थांबत थांबत पुरा केला. बाईच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, घडीखाली दबलेलं. घाईत असते तर मला ते दिसलंच नसतं. साहेबांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि काउंटरचा विषय पुन्हा काढला नाही. साहेब, आभार.

गेल्या महिन्यात काका म्हणाले होते तेच झालं. सॉफ्टवेअर नवं आलं आणि प्लगइन उघडेना. पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग. मी वळून म्हटलं, “काका!”

काकांनी चष्मा काढला, पुसला, उठले आणि खोलीतून निघून गेले. म्हणाले, “मी चहा घेऊन येतो.”

मला इतका राग आला म्हणून सांगू! ही काय चहाची वेळ? मग मीच बसले. लाल अक्षरं खालून वर वाचायची, असं त्यांनीच शिकवलेलं. वाचली. एका आज्ञेचं नाव नव्या आवृत्तीत बदललं होतं. ते बदललं, तर दुसरीकडे मोडलं. तेही बदललं. बाकीचे जेवायला गेले, माझी जेवणाची वेळ टळून गेली, आणि मग भेगेवर पेन टेकवलं तर रेघ शहाण्यासारखी जागेवर जाऊन बसली. मी खोलीत एकटीच ओरडले, “झालं!”

दार लगेच उघडलं. काका बाहेरच उभे होते, इतका वेळ. हातातल्या चहावर साय धरली होती. आत आले, मी लिहिलेलं वाचलं, एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “इथे मी वेगळं लिहिलं असतं.” चहा माझ्यापुढे ठेवला. “पण मग ते माझं झालं असतं.”

काकू, उद्यापासून हे पूर्ण वेळ तुमचे. घरात काही अडलं आणि हे चहाचं निमित्त काढून उठून गेले, तर रागावू नका. दाराबाहेरच असतात.

मालकीणबाईंनी मला बोलायची संधी दिली, तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल, तर सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. काका, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका. कुठे चुकलं ते सांगा. मी दुरुस्त करीन.