तारीख नसलेलं पत्र

ड्युसेलडॉर्फच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत वासुदेव आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून मराठी कानावर आली. एक तरुण जोडपं होतं.

"कीर्ती, आत एवढंच सांग. परमिट आज संपतंय, विद्यापीठाचं पत्र आणलंय."

"आणि संशोधन कशावर, असं विचारलं तर?"

"सतरावं शतक म्हण, पुरे."

"सुगत, डचांच्या भीतीने पोर्तुगालने मुंबई इंग्रजांना आंदण दिली. चारेकशे इंग्रज शिपाई ताबा घ्यायला आले, तर तिथला पोर्तुगीज अधिकारी म्हणाला, तुमचे कागद बरोबर नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर. इथलाच असणार तो."

"हसू नकोस. दोन वर्षं ते अंजदीव बेटावर थांबले. आजाराने मेले. शंभरएक उरले."

"हे आत बोलू नकोस, बाई."

"माझ्या पत्रावर तारीख नाहीये."

"काय?"

"सही आहे, शिक्का आहे, तारीख नाही. आत्ता दिसलं."

"मग फोन लाव. मेलवर दुसरं मागव."

"आपल्याआधी एकच नंबर राहिलाय. पाच मिनिटांत कोण पाठवणार?"

वासुदेव मागे वळला.

"तो नंबर माझा आहे. तुम्ही फोन लावा."

"काका, तुमचं काम मोठं आहे का?" कीर्तीने विचारलं.

"बायको वारली गेल्या महिन्यात. तिचं इथल्या रहिवासाचं कार्ड परत द्यायचंय."

"त्याला... त्याला फार वेळ नाही लागत, काका."

"मला लागेल," वासुदेव म्हणाला. "तुम्ही फोन लावा."