बेपत्ता अंबूबाई आणि दशम्यांचा डबा

नाव – अंबूबाई हणमंतराव जाधव, वय ६१ वर्षे, धंदा – शिवणकाम, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मी हरवल्याची तक्रार माझ्या मैत्रीण भार्गवी यांनी आज सकाळी ९ वाजता या ठाण्यात दिली. त्या वेळी मी घरी भार्गवी यांच्याच ब्लाऊजला हूक लावत होते. हवालदार महांतेश बेळगावकडचे असल्याने जबाब मराठीत देत आहे.

काल आम्ही सात मैत्रिणी दोन गाड्यांनी पुदुच्चेरीचे जुने बंदर पाहायला गेलो. पहाटे साडेतीनला निघून साडेदहाला पोहोचलो. इतिहास वीस मिनिटांत पाहून झाला. दीपगृहासमोर फोटो काढण्यास एक तास दहा मिनिटे लागली. दुपारी मी नेलेली पुरीभाजी सर्वांनी खाल्ली. धनलक्ष्मी म्हणाल्या, "अंबक्का, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं!" ही दीड वाजताची गोष्ट.

३ वाजता मी सगळ्यांच्या ताटल्या विसळायला नळावर गेले. संध्याकाळच्या दशम्यांचा डबा माझ्याच पिशवीत होता. परत आले तर दोन्ही गाड्या नव्हत्या. या गाडीला वाटले मी त्या गाडीत, त्या गाडीला वाटले मी या गाडीत. विश्वासाची नाती आहेत.

मी फोन का केला नाही, असे साहेबांनी विचारले. माझी आठवण किती वाजता होते, ते मला पाहायचे होते. कठड्यावर बसून मी ग्रुप उघडून ठेवला. ४.१० ला फोटो आले. ४.४० ला 'किती मज्जा आली' आले. ६.०५ ला भार्गवी यांनी लिहिले, 'दशम्यांचा डबा कुठल्या गाडीत?' 'तुमच्या.' 'नाही गं, तुमच्या.' 'अय्यो, अंबक्काला विचारा स्वल्प.'

६.२० ला मला पहिला फोन आला. तो मी घेतला नाही, पुढचे एकवीसही घेतले नाहीत. ही माझी चूक मला मान्य आहे. राग आला होता. रडूही आले, पण ते लिहू नये. गाड्या मागे फिरल्या नाहीत. वळायला जागा नाही, असे ग्रुपवर आले होते.

७ च्या बसने मी निघाले. शेजारच्या सीटवरच्या बाईंना दशमी दिली. त्यांनी आधी माझे नाव विचारले, मग घेतली. नंतर डबा बसभर फिरला.

तक्रारीतील माझे वर्णन मला ऐकवले. वय अंदाजे सत्तर, साडी हिरवी किंवा निळी, चष्मा बहुतेक आहे. मला चष्मा नाही. साडी जांभळी होती, ती भार्गवी यांनीच मला साठीला दिली होती. सोबतच्या वस्तू : स्टीलचा चार कप्प्यांचा डबा, झाकणाला डावीकडे पोचा, आत ज्वारीच्या दशम्या चोवीस, शेंगाचटणी, दह्यातल्या मिरच्या. हे वर्णन तंतोतंत बरोबर आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. तक्रारीतील डबा सापडला असून तो रिकामा हजर केला आहे.