विमानतळावरचा पाळणा

मंडळी, आजच्या कीर्तनात एक विचारतो. माणूस गेलं की त्याचा फोटो भिंतीवर लागतो, साड्या वाटल्या जातात. पण त्याचा आवाज? तो कुठं जातो? सांगता येईल कुणाला? नाही ना? मग ऐका.

बार्शीला रंगनाथराव खडके नावाचे गृहस्थ होते. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. स्वभाव कसा? गंजलेल्या नटासारखा, फिरता फिरायचा नाही. आणि बायको अनसूयाबाई? रॉकेलच्या रांगेत उभी राहिली तरी गाणं रचायची. तेही पाळण्याच्या चालीवर —

*कॅन रिकामा, उन्हाचा तडाखा,*
*दुकानदार घेतो झोपेचा झोका, जो बाळा जो जो रे जो!*

सगळी रांग हसायची. रंगनाथराव मात्र मान खाली घालून पुटपुटायचे, "अनू, पुरे. लोक बघतात."

पुढं रॉकेलची रांग संपली. अनसूयाबाईही गेल्या. आणि दोहाला लेकीला मुलगा झाला. बारशाला आजोबा एकटेच निघाले. पिशवीत काय घेतलं? बायकोची पितळी झांज, पाळणे म्हणताना ती वाजवायची तीच.

विमानतळावर तपासणीची रांग. पट्टा काढा, घड्याळ काढा, बूट काढा. अहो, देवळात नुसत्या चपला काढून भागतं, इथं देव भेटायच्या आधी विजार सांभाळायची पाळी! चौकटीतून गेले, तर यंत्र ओरडलं. परत गेले, परत ओरडलं.

"गुडघ्यात लोखंड बसवलंय, बाई," ते तपासणीवरच्या पोरीला म्हणाले.

तेवढ्यात तिनं पिशवी उघडली. "आजोबा, या कसल्या चकत्या?"

"झांज आहे. माझ्या बायकोची."

"वाजवून दाखवा बरं."

मागं रांग खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, "आवरा हो, विमान सुटेल." रंगनाथरावांचं डोकं तापलं. भांडायला म्हणून तोंड उघडलं, हातातली झांज वाजली — आणि तोंडातून निघालं काय?

*पट्टा काढिला, बूटही काढिले,*
*ट्रेमध्ये बिचारे जोडीनं निजले,*
*विजार धरूनी आजोबा चालले, जो बाळा जो जो रे जो!*

रांगेतल्या माना वळल्या. मग कुणीतरी फसकन हसलं. मागची एक आजी म्हणाली, "अहो, थांबलात का?" मग काय,

*हात पसरूनी उभा मी राही,*
*यंत्र हुडकतं, गवसत नाही,*
*गुडघ्याचा खिळा 'पीं पीं' गाई —*

"जो बाळा जो जो रे जो!" सगळी रांगच म्हणाली. ती पोरगीसुद्धा. तिनं तिच्या साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी हसून मान हलवली. झांज पिशवीत गेली.

रंगनाथराव बाकावर बूट घालायला बसले. सवयीनं शेजारी वळून पाहिलं. 'पुरे' म्हणायला तिथं कुणीच नव्हतं. बुटाची नाडी काही केल्या दिसेना.

पोरगी त्यांचा विसरलेला पट्टा घेऊन आली. "आजोबा, हे गाणं कुणाचं?"

"मालकिणीचं."

"त्या कुठायत?"

'गेली' असं म्हणणार होते. पण म्हणाले, "आत्ता इथंच होती, पोरी."

मंडळी, आवाज कुठं जातो, कळलं? ज्यानं 'पुरे, पुरे' म्हणत ऐकला, त्याच्याच गळ्यात तो मुक्कामाला राहतो. तुमच्याही घरात कुणी भाकरी थापताना गुणगुणत असेल. आज घरी गेल्यावर टीव्ही बंद करा, उंबऱ्यात बसा आणि नीट ऐका. आणि ज्यांच्या घरातली ती गुणगुण थांबलीय, त्यांनी लाजू नका. मृदंगबुवा, ठेका धरा. ज्याला जे आठवतंय, ते त्यानं म्हणावं.